दोन लोखंडांमधला कागद

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय वाचून एका स्नेह्याने मला रस्त्यात गाठले आणि विचारले, "अहो, मोटारीच्या मागच्या एक्सलच्या पॅकिंगवर तुम्ही तासभर काय बोलणार?" शंका रास्त होती. या व्यासपीठावर राज्यांचे, धर्मांचे, ग्रंथांचे इतिहास सांगितले जातात. वितीएवढ्या कागदी चकतीला कसला आला आहे इतिहास? परंतु माझे इतिहासाचे वाचनच मुळी कामगारांच्या तंट्यांच्या निमित्ताने झालेले आहे, आणि या चकतीची ओळखही मला एका तंट्यातूनच झाली. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनचे सभासद असलेले एक वयस्क मिस्त्री संध्याकाळी कचेरीत आले. त्यांच्या गॅरेजात मॉरिस मायनर जातीची एक जुनी मोटार दुरुस्तीला आली होती. मालक हौशी गृहस्थ. गाडीचा प्रत्येक भाग मूळच्यासारखा हवा हा त्यांचा आग्रह. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये तेल उतरत होते, म्हणून मिस्त्रींनी हब उघडला, तो आत करड्या रंगाच्या जाड शीटचे पॅकिंग वाळून लोखंडाला घट्ट चिकटलेले. फाटलेल्या कडेला कापसासारखे तंतू दिसत होते. मालक म्हणाले, "मिस्त्री, हे अ‍ॅस्बेस्टॉस आहे, कंपनीचे असणार. खरवडून काढा आणि तसलेच नवीन कापून घाला." मिस्त्री म्हणाले, "साहेब, ते मी कोरडे खरवडणार नाही आणि तसले घालणारही नाही." बोलण्यावरून बोलणे वाढले आणि मिस्त्रींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असे सांगण्यात आले. मला म्हणाले, "भाऊ, नोकरीचे नंतर बघू. आधी मला सांगा, माझे चुकले का?"

मला सांगता येईना. म्हणून मी शोधायला लागलो.

आता ज्यांचा मोटारीशी फक्त बसण्यापुरता संबंध आहे त्यांच्यासाठी मागच्या एक्सलचे काम थोडक्यात सांगतो. इंजिन पुढे असते आणि जुन्या गाड्यांत चाके फिरवायची ती मागची. इंजिनाकडून एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागे येतो. हा दांडा गाडीच्या लांबीत फिरतो, चाकांना मात्र आडव्या आसावर फिरायचे असते. हे वळण देण्याचे काम मागच्या लोखंडी पेटीतले दोन दातेरी चक्र करतात. लहान ते पिनियन, मोठे ते क्राऊन. पेटीच्या दोन्ही बाजूंना नळ्या, नळ्यांतून चाकापर्यंत जाणारे दांडे. पेटीत तेल भरलेले असते आणि क्राऊन त्यात बुडून फिरताना ते सगळीकडे उडवीत राहते.

या तेलाचीही एक कथा आहे. १९२० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत ग्लीसन कंपनीने हायपॉइड नावाचे दाते काढले आणि पॅकार्ड कंपनीने ते प्रथम आपल्या मोटारींत बसवले. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसते, त्यामुळे लांब दांडा खाली जातो आणि गाडी बुटकी करता येते. दिसायला गाडी झोकदार झाली, पण हे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतातही. साध्या तेलाचा थर त्या दाबाखाली फाटतो. म्हणून गंधकयुक्त द्रव्ये घातलेले दाट तेल वापरावे लागते. गॅरेजात त्याचा उग्र वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही.

हे तेल पेटीत राहावे एवढ्यासाठी पॅकिंग. लोखंडाचे दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर कितीही घट्ट आवळले तरी ते आपल्या डोळ्यांना सपाट असतात, तेलाला नसतात. मध्ये काही मऊ वस्तू घातली की ती दबून खाचा भरून काढते. एवढाच सिद्धान्त. पुढचे सगळे प्रश्न दोनच: तिथे उष्णता किती आणि दाब किती? मागच्या एक्सलमध्ये दोन्ही फारशी नसतात. रोजच्या रस्त्यावर तिथले तेल उकळत्या पाण्याइतके सहसा तापत नाही. आतली हवा तापून फुगते खरी, पण ती बाहेर जावी म्हणून पेटीवर एक बारीक भोक ठेवलेले असते, त्याला ब्रीदर म्हणतात. ते चिखलाने बुजले तर मात्र आत दाब साचतो आणि तेल वाट फुटेल तिकडे पळते. कित्येकदा पॅकिंग बदलून बदलून माणूस थकतो आणि दोष त्या बुजलेल्या भोकाचा असतो.

मॉरिस मायनर ही अ‍ॅलेक इसिगोनिस या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेली गाडी. १९४८ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे ती तयार होऊ लागली, आणि १९६० साल संपण्यापूर्वी तिच्या दहा लाख गाड्या झाल्या. ब्रिटनमध्ये हा आकडा गाठणारी ती पहिली मोटार. शिक्षक, परिचारिका, पोस्टमन यांची ती गाडी. आपल्याकडेही हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधील उत्तरपाडा येथे ती 'बेबी हिंदुस्थान' या नावाने जोडून विकली. तिची मोठी भावंडे म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच्या पिढ्या. त्यांतल्याच एकीची पुढे अ‍ॅम्बॅसेडर झाली आणि २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत राहिली.

या मायनरच्या मागच्या एक्सलला महत्त्वाची पॅकिंगे दोन ठिकाणी आहेत. एक पेटीच्या तोंडाशी, जिथे क्राऊन-पिनियनचा सारा संच बोल्टांनी बसतो. दुसरे प्रत्येक चाकाच्या हबाशी. पहिले गळाले तर जमिनीवर डाग पडतो. दुसरे गळाले तर तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते, आणि तेलाने भिजलेला ब्रेक म्हणजे काय हे घाटात गाडी चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

त्या हबाच्या पॅकिंगविषयी कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकात काय सांगितले आहे ते मी एका जुन्या प्रतीत शोधून काढले. इंग्रजी मला कष्टाने वाचता येते, पण आकडे कोणत्याही भाषेत सारखेच. हबात बेअरिंग बसवल्यावर पॅकिंग जागेवर ठेवायचे. तेव्हा बेअरिंगची बाजू पॅकिंगच्या पृष्ठापेक्षा एक ते चार हजारांश इंच वर उरली पाहिजे. म्हणजे वरून दांड्याची चकती आवळली की आधी ती बेअरिंगला चिमटीत धरते, मग पॅकिंगला दाबते. एक हजारांश इंच म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. पॅकिंग जाड घातले की चकती पॅकिंगवरच टेकते, बेअरिंग मोकळे राहते आणि हबाच्या आत हळूहळू फिरू लागते. आणि पुस्तकात त्या पॅकिंगचे नाव काय, तर कागदी वॉशर. अ‍ॅस्बेस्टॉसचा तिथे पत्ता नाही.

म्हणजे ते करडे शीट कंपनीचे नव्हतेच. मधल्या कोणा कारागिराने कागद न मिळाल्याने, किंवा जाड ते चांगले अशा समजुतीने, ते घातले होते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला तो हब दाखवला. बेअरिंगने फिरून फिरून आतून चर पाडला होता. मालकांनी ज्याला मूळचे मानले ते मूळचे नव्हते, आणि ज्याला मजबूत मानले त्यानेच गाडी खाल्ली होती.

मग ही समजूत आली कोठून? इथे आपल्याला वाफेच्या काळात जावे लागते. पहिल्या वाफयंत्रांत तागाचे पीळ चरबीत भिजवून सांध्यांत ठासत, चामड्याच्या चकत्या घालत, शेंदराचा लेप देत. वाफेचा दाब कमी होता तोवर हे चालले. दाब आणि उष्णता वाढली तसा ताग जळू लागला, चामडे करपू लागले. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधकाने रबर पक्के करण्याची युक्ती सापडली, पण तेही कडक वाफेपुढे टिकत नसे. अशा वेळी १८७० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील क्वेबेक प्रांतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या मोठ्या खाणी सुरू झाल्या. दगडच, पण कापसासारखा पिंजता येतो, सुतासारखा विणता येतो आणि जळत नाही. १८९० च्या दशकात व्हिएन्नाच्या रिचर्ड क्लिंगरने त्याच्या तंतूंत रबर मिसळून रुळांखाली दाबले आणि कडक शीट तयार केले. जगभरच्या बॉयलरांना त्याने मोठाच आधार दिला. त्याचे श्रेय मी नाकारीत नाही. बॉयलरचा सांधा फुटून माणसे भाजून मरत, ती वाचली.

मोटार आली तेव्हा इंजिनाच्या माथ्याला तांब्याच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस घालून पॅकिंग केले गेले. तिथे आग असते, तिथे ते शोभतही होते. ब्रेकमध्येही ते गेले. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये उतारावरच्या घोडागाड्यांसाठी ब्रेकचे ठोकळे करायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे फेरोडोचे लायनर झाले. स्वतःच्या आडनावाची अक्षरे फिरवून त्यांत बायकोच्या नावाचे आद्याक्षर मिसळून त्याने ते नाव तयार केले होते. १९५० च्या दशकात हे नाव आपल्या घाटकोपरलाही पोचले. तर अशा रीतीने इंजिनाच्या माथ्याला जे लागते ते सगळीकडे उत्तम, असा समज गॅरेजांत रुजला. जिथे कागदाने भागते तिथेही शीट गेले. आगीसाठी काढलेली वस्तू तेलाच्या वाटीला लागली.

आणि ती करताना, कापताना, खरवडताना धूळ उडत होती. तिचा इतिहास इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातील रॉचडेल गावात घडला. कामगार चळवळीच्या माणसांना रॉचडेल माहीत आहे ते १८४४ मध्ये तिथे विणकरांनी काढलेल्या सहकारी दुकानामुळे. त्याच गावात पुढे अ‍ॅस्बेस्टॉसची सूतकताई भरभराटीला आली.

१८९८ मध्येच लूसी डीन या कारखाना-निरीक्षक बाईंनी आपल्या अहवालात लिहिले होते की ही धूळ सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या चुऱ्यासारखी टोकदार दिसते आणि तिचा अपाय कामगारांना होताना दिसतो आहे. अहवाल छापला गेला, फडताळात गेला. १९२४ च्या मार्चमध्ये नेली केरशॉ नावाची एक कामगार स्त्री रॉचडेलला वारली. वय ३३. तिने अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातले होते. आजारपणात तिला भत्ता नाकारण्यात आला, कारण कायद्याच्या यादीत त्या रोगाचे नावच नव्हते. कारखान्याने अंत्यविधीच्या खर्चाला हात लावला नाही. तिच्या थडग्यावर नावाचा दगडदेखील लागला नाही. पण डॉक्टर विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे तपासली, त्यांत दगडाचे तंतू पाहिले आणि ते वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. रोगाला नाव मिळाले ते नेली केरशॉच्या फुप्फुसांमुळे.

त्यानंतर सरकार हलले. मेरवेदर आणि प्राइस या दोघांनी १९३० मध्ये अहवाल दिला. ३६३ कामगार तपासले होते, त्यांतील ९५ जणांच्या फुप्फुसांत तंतुमय गाठाळपणा आढळला. १९३१ मध्ये नियम झाले, १९३२ च्या मार्चपासून लागू झाले. धूळ ओढून घेणारे पंखे, डॉक्टरी तपासणी, नुकसानभरपाई. वाचताना मला वाटले, चला, सात वर्षांत का होईना, जाग आली. मग मी नियम कोणाला लागू ते पाहिले. जिथे अ‍ॅस्बेस्टॉस फोडतात, पिंजतात, कातून त्याच्या वस्तू करतात, त्या कारखान्यांना. तीच वस्तू कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली की तिला हाताळणारा माणूस नियमांच्याही बाहेर. बोटीच्या नळांवर लेप देणारा, बॉयलर फोडणारा, ब्रेकचा ड्रम उघडून फुंकर मारणारा, शीट कापून पॅकिंग करणारा, यांना त्या नियमांची सावली मिळाली ती १९६९ चे नवे नियम होऊन १९७० मध्ये लागू झाल्यावर. मायनर गाडीचा जवळजवळ सगळा जन्मकाळ या मधल्या अंधारात गेला.

दरम्यान ज्ञान थांबले नव्हते. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचा हिशेब मांडला. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे ३३ रुग्ण दाखवले. त्यांत खाणीत कधी न उतरलेली, नुसती खाणीजवळ राहिलेली माणसेही होती. हा रोग धूळ घेतल्यावर तीस-चाळीस वर्षांनी उठतो. म्हणून आज खोकणाऱ्याने त्याचे कारण शोधायचे तर आजोबांच्या वयाच्या हजेरीपटात पाहावे लागते. ब्रिटनने निळे आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस १९८५ मध्ये बंद केले, पांढरे १९९९ मध्ये.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी एका ग्राहक संस्थेच्या अर्जावर निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवावी असे फर्मावले. निकाल थोर आहे. पण नोंद ठेवायची ती कारखान्याने. कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या पोऱ्याची नोंद कोण ठेवणार? त्याचे तर हजेरीपुस्तकच नसते.

इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. उमेदीच्या काळात एका कारखान्यात मागण्यांचे पत्रक मी लिहिले होते. धुळीच्या खात्यासाठी त्यात कलम होते: प्रत्येक कामगारास रोज गूळ मिळावा. गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली उतरते, अशी गिरणगावापासून चालत आलेली समजूत. व्यवस्थापनाने ते कलम हसत मान्य केले आणि आम्ही गुलाल उधळला. ती धूळ घशात नव्हे तर फुप्फुसात जाते आणि तिथून ती गुळाने उतरत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नव्हते. त्या खात्यातली किती माणसे पुढे दमेकरी म्हणून घरी गेली, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. मिस्त्रींनी "माझे चुकले का" असे विचारले तेव्हा मला ते कलम आठवले.

असो. मिस्त्रींचे पुढे काय झाले ते सांगतो. मी पुस्तकातले ते पान घेऊन मालकांकडे गेलो. सुशिक्षित माणूस, कागदी वॉशर हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. आरोग्याचे मी सांगितले ते त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतले. पण त्यांचे मन वळले ते हबातला चर पाहून, हे मला प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. गॅरेजवाल्याला त्यांनी स्वतः फोन केला आणि मिस्त्री कामावर परतले.

जुने पॅकिंग काढायला त्यांनी अर्धा दिवस घेतला. आधी ते साबणाच्या पाण्याने आणि तेलाने भिजवून ठेवले, मग बोथट पात्याने ओलेच सोलले. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश नाही, कॉम्प्रेसरची हवा नाही, ड्रम ओल्या फडक्याने पुसला. तोंडाला रुमाल नव्हे, धुळीसाठी असलेला खरा मास्क. हे पाहायला गॅरेजातली तिन्ही पोरे जमली होती, त्यांना त्यांनी दूर उभे केले.

नवे काय घालायचे यावरही चर्चा झाली. बुचाचे शीट मालकांनी आणले होते. ते पत्र्याच्या झाकणाला ठीक, कारण पत्रा वाकतो आणि बूच त्याच्याबरोबर दबते. ओतीव लोखंडाच्या हबात ते जाड होते आणि दबतही राहते, बोल्ट सैल पडतात. साधे रबर खनिज तेलात फुगते. ट्यूबमधून येणारे सिलिकॉन आजकाल सगळेच चोपडतात. पातळ लावले तर काम भागते, पण हौसेने भरपूर लावले की आत पिळून निघालेला दोरा तुटून बेअरिंगकडे जातो. अमेरिकेतील प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ च्या सुमारास हवा कोंडली की घट्ट होणारे द्रव काढले, त्याच जातीचे लेप आज नव्या गाड्यांत कागदाऐवजीही वापरतात. परंतु इथे कागदाची जाडी हिशेबात धरूनच हब बनवलेला आहे. कागदच काढून टाकला तर तो हिशेब दुसऱ्या बाजूने चुकतो. अ‍ॅस्बेस्टॉसविना केलेली अ‍ॅरॅमिड तंतूंची शीटेही मिळतात, पण ती इंजिनासाठी. इथे त्यांची गरज नाही.

तेव्हा शेवटी कागद. तेल सोसणारा, सेल्युलोजचा, पॅकिंगसाठी म्हणून मिळणारा कागद बाजारातून आणला. मिस्त्रींनी नवा हब बसवून आधी बेअरिंगची उंची मोजली, मग मायक्रोमीटरने कागद मोजला, एक ताव नाकारला, दुसरा घेतला. हबाच्या तोंडावर कागद धरून बॉलपेन हातोडीने कडेकडेने हलके ठोके दिले. लोखंडाच्या कडेने कागद आपोआप कातरला जातो, भोकांवर हातोडीच्या गोल बाजूचा ठोका दिला की भोक पडते. पाच मिनिटांत पॅकिंग तयार. दोन्ही बाजूंना तेलाचे बोट फिरवून ते जागेवर ठेवले आणि हजारांशाचा हिशेब पुन्हा पाहिला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. मग गाडीखाली जाऊन ब्रीदर काढला. तो ठार बुजलेला होता.

गाडी आता जुन्या मोटारींच्या मेळाव्यांना जाते. ड्रम कोरडा आहे.

ओले सोलून काढलेले ते करडे तुकडे मिस्त्रींनी दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले, वर चिठ्ठी चिकटवली आणि ते कुठे टाकावे म्हणून मला विचारले. मी दोन कचेऱ्यांत जाऊन आलो. एकीने दुसरीकडे पाठवले, दुसरीने विचारले की एवढ्याशा गोष्टीसाठी अर्ज कशाला. पिशवी अजून त्या गॅरेजच्या माळ्यावर आहे. नवा पोऱ्या कामाला लागला की मिस्त्री त्याला पहिल्या दिवशी ती खालून दाखवतात आणि हात लावू देत नाहीत.